न खेळता ‘हाफ-लाइफ’वर बोलण्याची कला

जुन्या, नावाजलेल्या खेळावर चारचौघांत मत देण्याची वेळ कुणावरही येऊ शकते, आणि तो खेळ आपण खेळलेला नाही एवढ्या क्षुल्लक कारणासाठी अशा वेळी गप्प बसणे बुद्धिमान माणसाला शोभत नाही. अशा बुद्धिमानांच्या सोयीसाठी पुढील मार्गदर्शन करत आहे. उदाहरणादाखल ‘हाफ-लाइफ’ घेतला आहे, कारण नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या या फर्स्ट पर्सन शूटरविषयी, म्हणजे नायकाच्या डोळ्यांतून पाहत गोळ्या झाडायच्या संगणकावरच्या खेळाविषयी, बोलायला हल्ली सर्वांनाच आवडते आणि तो खेळायला मात्र कुणाला फारसा वेळ नसतो. मार्गदर्शनासाठी याहून सोयीचा विषय मिळणे कठीण.

या लेखाची प्रेरणा मला अलीकडेच एका परिचितांकडे सत्यनारायणाच्या पूजेनंतर मिळाली. प्रसादाचा शिरा हातात येईपर्यंत विषय कुठून कुठे गेला कोण जाणे, पण मोबाइलसाठी गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम करणाऱ्या तरुण गृहस्थांनी अचानक निकाल देऊन टाकला, ‘हाफ-लाइफमध्ये स्टोरी अशी नाहीच हो. प्रयोग फसतो, राक्षस येतात, ढिशुम ढिशुम, संपलं.’ मी नम्रपणे विचारले की मग ब्लास्ट पिटचा भाग आपल्याला कसा वाटला? ‘तो कुठला गेम?’ त्यांनी विचारले. मग त्यांनी मला समजावून सांगितले, की संपूर्ण हाफ-लाइफ वीस मिनिटांत उलगडून सांगणारा एक व्हिडिओ त्यांनी पाहिला आहे, आणि तोही दीडपट वेगाने. म्हणजे हिशेबाने साधारण तेरा मिनिटे. हाफ-लाइफच्या बचावाला माझ्याच वयाचे एक गृहस्थ पुढे सरसावले, तेव्हा मला क्षणभर बरे वाटले. पण ‘हाफ-लाइफच्या आधी शूटरमध्ये कथा नावाची गोष्टच नव्हती’ असे ठोकून देऊन त्यांनी तेही समाधान टिकू दिले नाही. मी काही उदाहरणे देऊ लागलो, तसे दोघांचेही चटकन एकमत झाले की मी उगाच तपशिलात शिरतो आहे.

तेव्हा सर्वप्रथम, खेळ खेळू नये. पूर्ण खेळायला दहा-बारा तास सहज जातात, आणि खेळलेल्या माणसाला उदाहरणे देण्याची वाईट सवय लागते. उदाहरणांनी चर्चेचा वेग मंदावतो, ऐकणाऱ्यांचे लक्ष शिऱ्याकडे जाते आणि बोलणाऱ्याची प्रतिष्ठा घटते.

दुसरे म्हणजे, कोणत्याही बाजूने बोला, पण टोकाचे बोला. चाहते असाल तर ‘सगळे हाफ-लाइफपासूनच सुरू झाले’ असे म्हणावे. विरोधक असाल तर ‘त्यात नवे काहीच नव्हते’ असे म्हणावे. दोन्ही विधाने तितकीच सोपी असून दोहोंनाही पुरावा लागत नाही. चाहत्यांनी एवढीच खबरदारी घ्यावी की चर्चेत १९९४ हे साल कुणी काढू नये. त्या एका वर्षात ‘सिस्टिम शॉक’ने अंतराळ स्थानकावर मरून पडलेल्या माणसांच्या नोंदी जागोजागी पेरून ठेवल्या होत्या, आणि ‘मॅरेथॉन’ने भिंतींवरच्या संगणकांच्या पडद्यांतून खेळाडूला पानेच्या पाने मजकूर वाचायला लावला होता. १९९८ सालीच, पण काही महिने आधी, ‘अनरियल’ने कोसळलेल्या तुरुंगयानात हाती शस्त्र नसताना खेळाडूला जागे केले होते. विरोधकांनी ही सारी नावे पाठ करून ठेवावीत. ते खेळ खेळण्याची अर्थातच गरज नाही, कारण समोरच्यानेही ते खेळलेले नसतात. आधीच्यांनी तयार करून ठेवलेल्या या सामग्रीतून हाफ-लाइफने नेमके काय घडवले, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांनी समजूतदारपणे टाळावा.

खेळाचे इंजिन, म्हणजे ज्यावर तो चालतो तो सांगाडा, मुळात ‘क्वेक’ या आधीच्या खेळाचे होते, हे वाक्य मध्येच कुठेतरी टाकावे, मग पुढे काय, असे कुणी विचारत नाही.

ग्राफिक्स जुने झाले आहेत, हेही सांगावे, जणू समोरच्याला ते दिसत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खास सूचना आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत ज्यांनी कॉलेज बुडवून, सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून, एक कान बंद पडलेला हेडफोन लावून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळला, त्यांनी ‘आम्ही हाफ-लाइफवरच वाढलो’ असे बेलाशक सांगावे. तांत्रिकदृष्ट्या ते खोटे ठरत नाही. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफवर बेतलेला मॉड, म्हणजे मूळ खेळात फेरफार करून बनवलेला खेळ, म्हणूनच तो सुरू केला आणि पुढच्याच वर्षी हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो आपल्या पंखाखाली घेतला. ‘डस्ट-टू’च्या नकाशावर दुपारच्या दुपारी बॉम्ब पेरत बसलेल्यांना हाफ-लाइफचा नायक गॉर्डन फ्रीमन कोण, हे माहीत असण्याचे काहीच कारण नव्हते, पण आज हे कोण तपासणार? फक्त एक पथ्य पाळावे. गोष्ट सांगण्यासाठी नावाजलेल्या खेळाचा सर्वांत लोकप्रिय वंशज हा गोष्टीशी काडीचाही संबंध नसलेला खेळ निघाला, ही गंमत कुणाच्या लक्षात आणून देऊ नये; नाहीतर चर्चा खरोखरच रंगण्याचा धोका संभवतो.

आता मुख्य सल्ल्याकडे येऊ. हाफ-लाइफमध्ये कथाच नाही, हे सिद्ध करायचे असेल तर कथेचा सारांश सांगावा. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ब्लॅक मेसा नावाचे मोठे संशोधन केंद्र आहे. तिथे एक प्रयोग फसतो. दुसऱ्या जगातले प्राणी आत घुसतात. मागून सैन्य येते. आणि गॉर्डन फ्रीमन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ मारत, मरत, पुन्हा सुरू करत पुढे जातो. एवढे सांगून झाले की सावकाश म्हणावे, ‘१९९३ च्या ‘डूम’मध्ये तरी वेगळे काय होते?’ तिथेही मंगळाच्या चंद्रांवर एक कंपनी पदार्थ इकडून तिकडे पाठवण्याचे प्रयोग करते, प्रयोग फसतो आणि राक्षस येतात. सारांश खरोखरच सारखे आहेत, त्यामुळे सभा तिथेच जिंकली जाते.

पण विषय निघालाच आहे तर मला हे सांगितल्यावाचून राहवत नाही, की सारांश सारखे असूनही एका खेळात गोष्ट आहे आणि दुसऱ्यात ती जवळजवळ नाही, याचाच अर्थ गोष्ट सारांशात नसते. डूमची कथा सोबतच्या पुस्तिकेत होती आणि प्रकरण संपल्यावर येणाऱ्या मजकुराच्या पडद्यावर होती. खेळ चालू असताना तिला काहीही काम नव्हते. डूम त्यामुळे वाईट ठरत नाही, तो त्याच्या जागी थोरच आहे. व्हॉल्व्हने मात्र मार्क लेडलॉ हा कादंबरीकार आणला, आणि तरीही खेळात निवेदक ठेवला नाही, पडदा काळा करून दाखवायचे छोटे चित्रपट ठेवले नाहीत, कॅमेरा गॉर्डनच्या डोळ्यांतून बाहेर काढला नाही. खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही एका ट्रॅममध्ये असता, हातात काही नसते आणि मारायला कुणी नसते. ध्वनिक्षेपकावरची बाई सांगते की सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटे झाली आहेत आणि वर जमिनीवर तापमान ९३ अंश फॅरनहाइट आहे. बंद दाराशी ताटकळत ठोठावणारा एक सुरक्षारक्षक खिडकीतून मागे जातो. सांडलेल्या विषारी रसायनात एक यंत्र निमूटपणे काम करत असते. शेजारच्या ट्रॅममध्ये सुटाबुटातला, हातात ब्रीफकेस घेतलेला एक माणूस दिसतो. तो कोण हे कुणी सांगत नाही. तुम्ही ऑफिसला निघालेले आहात आणि उशीर झालेला आहे, एवढेच. पोचल्यावर विश्रांतीच्या खोलीत कुणाचा तरी डबा मायक्रोवेव्हमध्ये असतो आणि बटण दाबत राहिलात तर तो आतल्या आत फुटतो. हा पोरकटपणा करायला कुणी सांगितलेले नसते, आणि २००७ मधल्या ‘एपिसोड टू’ या पुढच्या भागामध्ये डॉक्टर मॅग्नुसन नावाचे खडूस गृहस्थ तो अजून विसरलेले नसतात!

त्यानंतर तुम्ही तो नारिंगी पोशाख घालता, चाचणी कक्षात उतरता, आणि नमुना ठेवलेली ती ढकलगाडी किरणांच्या झोतात सरकवता. ती गाडी तुम्ही स्वतः ढकलता. ढकलली नाही तर काहीही घडत नाही, अख्खा खेळ तिथेच थांबून राहतो. डूममध्ये कुठल्याशा कंपनीने घोळ घातलेला असतो आणि तुम्ही तो निस्तरायला आलेले असता. इथे आपत्ती तुमच्या हातून घडते, तीही वरिष्ठांनी सांगितल्याप्रमाणे, नेमून दिलेले काम चोख करताना. आणि मग परतीची वाट आलात त्याच बोळांतून आहे. तीच टेबले, तेच दरवाजे, तासाभरापूर्वी ज्यांनी ‘उशीर झाला’ म्हणून टोकले तीच माणसे आता जमिनीवर. कुणी एक वाक्यही बोलत नाही की बघ, तू काय करून बसलास. रस्ताच ते सांगतो. तेरा मिनिटांच्या व्हिडिओत ही गाडी आपोआप ढकलली जाते आणि परतीचा बोळ कापून टाकलेला असतो, आणि मग आमचे तज्ज्ञ विचारतात की स्टोरी कुठे आहे. कापून टाकलेल्या भागात आहे, महाराज!

आणि सैनिकांचे काय? खेळाची दोन प्रकरणे होईपर्यंत जीव वाचलेले सगळे लोक एकच सांगत असतात की वर जा, मदत आणा, सैन्य येईल. सैन्य येते. एक शास्त्रज्ञ हर्षाने त्यांच्याकडे धावत जातो, सुटलो एकदाचा असे ओरडतो, आणि सैनिक त्याला गोळी घालतो. तुम्ही काही पावलांवर उभे असता, हालचालीची पूर्ण मोकळीक असते, आणि काहीही करता येत नाही. एवढ्या दहा सेकंदांत खेळाचा अर्थ बदलतो. ज्यांना यात कथा दिसत नाही, त्यांनी जर्मनीतली आवृत्ती आठवावी. तिथल्या मुलांच्या संरक्षणाच्या नियमांपायी त्या आवृत्तीत सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले होते, आणि शास्त्रज्ञ गोळी लागल्यावर मरण्याऐवजी खाली बसून मान हलवत. बंदुका त्याच, नकाशे तेच, सारांशही जवळपास तोच. पण आपल्याच सरकारने पाठवलेली माणसे माणसांना मारायला आली आहेत, हा कणाच त्यातून निघून गेला. कथा नव्हती, तर मग ही जी गेली ती काय होती?

असो. माझा तोल जरा गेला. पुन्हा सल्ल्यांकडे वळतो.

गॉर्डन अवाक्षरही काढत नाही, हा दोष म्हणून सांगावा. बाजू बदलल्यास तोच गुण म्हणून सांगावा.

शास्त्रज्ञांचे चारच चेहरे आहेत आणि तेच फिरून फिरून भेटतात, हा आक्षेप घ्यायला हरकत नाही, कारण तो खरा आहे.

चाहत्यांनी झेनचे, म्हणजे त्या प्राण्यांच्या दुसऱ्या जगाचे, नाव काढू नये. शेवटच्या भागातल्या त्या तरंगत्या खडकांवरच्या उड्यांचा बचाव मीसुद्धा करणार नाही. ज्या भक्तांनी ‘ब्लॅक मेसा’ या नावाने अख्खा खेळ नव्याने बांधला, त्यांनीही २०१२ मध्ये तो झेनशिवायच प्रसिद्ध केला आणि स्वतःचे झेन पूर्ण करून देईपर्यंत २०२० उजाडले.

वाद अगदीच अंगाशी आला, तर ‘तिसरा भाग कधी येणार?’ असे विचारून सर्वांना हसवावे आणि पाणी प्यायला उठावे.

प्रभावाचा मुद्दा शेवटी काढावा, कारण त्याला काहीही चालते. ‘हेलो’, ‘कॉल ऑफ ड्यूटी’, ‘बायोशॉक’ अशी नावे एका दमात घ्यावीत आणि हे सगळे हाफ-लाइफचेच, असे म्हणून हात झटकावेत. कशात काय उतरले आणि कसे उतरले, हे सांगत बसू नये. ते सांगायला गेलात तर पंचाईत अशी होईल, की पुढच्या कित्येक खेळांनी हाफ-लाइफमधून नेमकी चुकीची गोष्ट उचलली हे कबूल करावे लागेल. ट्रॅम उचलली, खिडकीबाहेरचा देखावा उचलला, ठरल्या क्षणी कोसळणारा पूल उचलला. आणि खेळाडूला मात्र पट्टा बांधला. पात्र बोलत उभे आहे, त्याचे बोलणे संपेपर्यंत दार उघडणार नाही, तोवर तुम्ही त्याच्याभोवती उड्या मारा, टेबलावरचे कप फेका. हालचालीची मोकळीक आहे ना, मग झाले! खुद्द ‘हाफ-लाइफ २’सुद्धा डॉक्टर क्लायनर यांच्या प्रयोगशाळेत याच खोड्यात अडकलेला आहे आणि हे त्याच्या चाहत्यांनी ऐकून घेतले पाहिजे.

मूळ खेळाने काय केले होते, हे ब्लास्ट पिटमध्ये दिसते, तोच ब्लास्ट पिट, जो आमच्या तज्ज्ञांना दुसराच कुठला गेम वाटला. खोल गोल विहिरीसारखा कक्ष, त्यात खालून वर आलेली तीन प्रचंड सोंडांची टोके, आणि ती आंधळी आहेत. आवाज झाला की तिथे टोचा मारतात. धावलात तर मेलात. म्हणून एक हातबॉम्ब लांब फेकायचा, तिकडे ठोके पडू लागले की जिन्यावरून हळूहळू सरपटत उतरायचे. मग इंधन सुरू करायचे, प्राणवायू सुरू करायचा, वीज जोडायची, आणि प्रत्येक खेपेला त्याच जनावराच्या अंगावरून श्वास रोखून जायचे. शेवटी ज्या रॉकेटच्या इंजिनाखाली ते बसले आहे, तेच पेटवून त्याला जाळायचे. इथे लांबलचक भाषण नाही, पात्राभोवती उड्या मारणे नाही, बंदुकीचाही फारसा उपयोग नाही. जागा कशी बांधली आहे, एवढ्यातून भीती, युक्ती आणि सूड हे तिन्ही तुमच्याकडून करवून घेतले जातात. हे पुढे किती जणांना जमले, याचा हिशेब म्हणजे प्रभावाचा हिशेब. तो फार मोठा निघत नाही, आणि म्हणूनच तो कुणाला मांडायचा नसतो.

हे असे आपोआप जमलेलेही नाही. १९९७ च्या अखेरीला बाजारात आणायचा म्हणून जवळपास तयार झालेला खेळ व्हॉल्व्हच्या लोकांनी स्वतःच पाहिला, तो त्यांना रटाळ वाटला आणि त्यांनी त्याची बहुतेक रचना मोडून पुन्हा वर्षभर काम केले. बाहेरच्या माणसाला बोलावून खेळायला बसवायचे आणि स्वतः त्याच्या मागे वही घेऊन, एक शब्दही न बोलता, त्याची होणारी फजिती पाहत राहायचे, ही त्यांची पद्धत होती. एक शब्दही न बोलता! दोन तास गप्प बसून दुसऱ्याचे खेळणे पाहणाऱ्यांनी जे बनवले, त्याच्यावर तेरा मिनिटे पाहिलेला माणूस अर्धा तास बोलतो.

आता सरळच सांगतो. तरुण मित्रहो, तुम्ही याच धंद्यात आहात. तुमच्या धंद्यातल्या एका मूलभूत कामासाठी बारा तास काढणे तुम्हाला जड जाते, आणि त्याच्यावर निकाल द्यायला मात्र तुमच्याकडे वेळच वेळ असतो, याची लाज वाटली पाहिजे. खेळ आवडलाच पाहिजे असे मुळीच नाही. शेवटच्या तृतीयांशात तो दमतो, काही ठिकाणी नुसती नळांची आणि शिड्यांची हमाली आहे, आणि तसे म्हणणारा, पण खेळून म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्यासमोर शिऱ्याची दुसरी वाटी ठेवीन. आणि माझ्या वयाच्या भक्तांनो, तुम्ही त्याहून वाईट आहात. तुम्ही कॉलेज सुटल्यापासून तो खेळ उघडलेला नाही, तुम्हाला तो धड आठवत नाही, आणि तुम्ही ज्याचा बचाव करता ते तुमचे तारुण्य आहे, हाफ-लाइफ नव्हे. त्याच्या आधी काहीच नव्हते असे म्हणून तुम्ही त्याला मोठे करत नाही. ज्यांच्याकडून तो शिकला त्यांना पुसता, आणि त्याने स्वतः काय केले ते बघण्याचे कष्ट वाचवता.

सबब कुणालाच उरलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंचवीस वर्षे झाली म्हणून कंपनीने खेळाची डागडुजी केली आणि काही दिवस तो चक्क फुकट वाटला. एरवीही सेलमध्ये तो किरकोळ किमतीत मिळतो आणि ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. व्हिडिओ बंद करा. स्वतः खेळा, साध्या वेगाने खेळा, अडलात तर अडून राहा. सर्वांत शेवटी तो सुटाबुटातला माणूस तुमच्यासमोर उभा राहील, नोकरी देऊ करील, आणि तुमच्यासमोर दोनच गोष्टी असतील: समोरच्या दारात पाऊल टाकायचे किंवा टाकायचे नाही. तुम्ही काय केलेत आणि का केलेत, ते मला येऊन सांगा. त्याच्या प्रभावाविषयी आपण त्यानंतर बोलू.